चिंचेनं घासलेलं स्वातंत्र्य

अमेरिकेत तुम्ही काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगतो, प्राचीन ज्यू नाणी ओळखायचो. यावर समोरच्याला वाटतं की हा गृहस्थ बँकेत कॅशियर असणार आणि निवृत्तीनंतर जरा भ्रमिष्ट झाला असणार. मग तो माझ्या बायकोकडे पाहतो. सुमन म्हणते, "खरंय ते. फक्त पहिली काही वर्षं ओळखता येत नव्हती."

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला त्याच पहिल्या वर्षांबद्दल लिहायचंय. ओळखता यायला लागल्यानंतरच्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मी मूळचा सांगलीचा. धातुशास्त्रात एम.एस. करायला आलो, एका फाउंड्रीत लागलो आणि मी लागल्यावर ती फाउंड्री बंद पडली. दोन्हींचा संबंध नाही, असं मी तेव्हापासून सांगत आलोय. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आयसेलिनला आमचं भाड्याचं अपार्टमेंट होतं आणि ओक ट्री रोडवर देशी दुकानं नुकती कुठे दिसायला लागली होती. शेजारच्या गावात कुणाला तरी धातूंची जाण असलेला मदतनीस हवा होता. मला वाटलं लॅब असेल. जाऊन पाहतो तर चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर एक खोली. तिच्यात एक खिडकी, एक टेबल, एक भिंग आणि लिओ.

लिओ सत्तरीकडे झुकलेला होता. ब्रुकलिनचा ज्यू, जुन्या नाण्यांचा व्यापारी. फार हसू आलं तर एक भुवई हलवायचा. त्यानं माझी पदवी पाहिली, माझ्या तळहातावर एक काळपट टिकली ठेवली आणि विचारलं, काय दिसतं? मी म्हणालो, तांबं, थोडं कथील, थोडं शिसं. तो म्हणाला, "दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेममध्ये कुणीतरी यानं भाजी घेतली असेल. तुला शिसं दिसलं." तरी नोकरी दिली.

या नाण्यांची ओळख करून द्यायची तर आधी काय नसतं ते सांगितलेलं बरं. त्यांवर सहसा राजाचा चेहरा नसतो, कारण मूर्ती नको हा धर्माचा दंडक. मग डाळिंब, प्याला, द्राक्षाचं पान, वीणेसारखं वाद्य, खजुराचं झाड. भोवती अक्षरं. आणि गंमत अक्षरांतच आहे. ती हिब्रू आहेत, पण आजच्या चौकोनी हिब्रूसारखी नाहीत. त्याहून जुनी लिपी. नाणी पाडली तेव्हासुद्धा ती रोजच्या वापरातून गेलेली होती. समजा, उद्या आपण रुपयावर मोडी छापली, तसं. लोकांना वाचायला सोपं जावं म्हणून ती नव्हतीच. आम्ही तुमच्या साम्राज्याहून जुने आहोत, हे रोमनांना आणि स्वतःलाही ऐकवायला होती.

त्यामुळे आमच्या धंद्यात एक उलटा नियम होता. गिऱ्हाईक म्हणालं की मला नाण्यावरचं घडाघडा वाचता येतं, की समजावं नाणं खोटं. चौकोनी लिपीतले नकली शेकेल, म्हणजे ज्यूंची जुनी चांदीची नाणी, शेकडो वर्षं यात्रेकरूंच्या गळ्यात मारले गेलेत. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक असंच नाणं घेऊन आले आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. उच्चार इतके सुंदर की मी टाळ्या वाजवल्या. लिओनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची वाईट बातमी मलाच सांगावी लागली.

माझी स्वतःची कामगिरी याहून वरची. आमचा कॅटलॉग टपालानं देशभर जायचा आणि पहिल्याच अंकात लिओनं मला काही नाण्यांची वर्णनं लिहायला दिली. एका चांदीच्या नाण्यावर एका बाजूला मंदिर होतं. दुसऱ्या बाजूला मला सरळ सरळ केरसुणी आणि लिंबू दिसलं. आपण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतो, त्यामुळे मला नवलही वाटलं नाही. उलट दोन प्राचीन संस्कृतींचा धागा सापडला या आनंदात मी लिहिलं, 'पूजेची झाडणी व लिंबू, स्थिती उत्तम.' आठवड्याभरात फोन सुरू झाले. क्लीव्हलंडच्या एका गृहस्थानं विचारलं, सुपली वेगळी घ्यावी लागेल का? ती झाडणी म्हणजे त्यांच्या शरद ऋतूतल्या सणाची, खजुराच्या कोवळ्या पात्याची जुडी होती आणि लिंबू म्हणजे त्याच सणाचं पवित्र फळ. लिओची भुवई दिवसभर हलत होती.

तर अशा माझ्या हातात हन्नामावशींचं नाणं पडलं.

त्या आल्या तेव्हा मी फोनवर सुमनशी बोलत होतो. जिना चढून एक म्हातारी धापा टाकत दारात उभी राहिली. ओव्हरकोट, कानटोपी, पायात बर्फाचे बूट. मी फोनमध्ये म्हणालो, "आलीय एक आजीबाई. आता दोन तास बसणार आणि काही घेणार नाही, बघ."

"घेणार नाहीच," आजीबाई मराठीत म्हणाल्या, "पण बसणार अडीच तास. खुर्ची दे आधी. आणि बायकोला सांग, भात लाव."

मी फोन ठेवला. ओव्हरकोट काढल्यावर आत नऊवारी नसली तरी व्यवस्थित चापूनचोपून नेसलेली पाचवारी निघाली. या हन्ना थळकर. अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. मुलाकडे एडिसनला राहायच्या. मला त्यांनी पाच मिनिटांत गाव, आडनाव, पगार आणि मूलबाळ का नाही इतकं सगळं विचारून घेतलं, आणि मी त्यांना मावशी म्हणायला लागलो.

त्यांचं काम असं होतं. नात शेरन हिचं लग्न डेव्हिड नावाच्या इथल्या ज्यू मुलाशी ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण मुलाची आजी, सेल्मा नावाची, पहिल्याच भेटीत केक कापता कापता अगदी गोड आवाजात म्हणाली होती, "आणि तुम्ही लोक ज्यू कधी झालात?"

"कधी झालात म्हणे," मावशी मला म्हणाल्या. "जशी काही मी मागल्या बुधवारी झाले."

त्यांच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की पूर्वज गलबतातून येत होते, नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि वाचले त्यांच्यापासून हा समाज वाढला. ही गोष्ट रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं त्याच्याही कितीतरी आधीची. आणि मावशींच्या सासरी एक तांब्याचं नाणं होतं, ते त्या गलबतातून आलेलं, असं सासरे म्हणायचे. लग्नाआधी मावशी घरी मलिदा करणार होत्या. मलिदा म्हणजे एलियाहू पैगंबराच्या नावानं करायची प्रार्थना. गोड पोहे, खोबरं, फळं असं ताट मांडतात. हे फक्त त्यांच्यातच आहे, जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंना ठाऊक नाही. त्या दिवशी सेल्मा येणार होती आणि मावशींना ते नाणं तिच्यासमोर ठेवून एकदाच काय ते उत्तर द्यायचं होतं. ते खरं आहे असं जाणकार माणसानं सांगायला हवं होतं.

लिओ म्हणाला, आणा. मावशी म्हणाल्या, ते नाणं मी पर्समध्ये घालून बसनं हिंडवणार नाही. शेवटी लिओनं मला सांगितलं, "त्यांच्या घरी जा. नाणं पाकिटात घाल. घेऊन ये. बाकी काही करू नकोस."

बाकीचं कसं झालं ते आता सांगतो.

मावशींच्या दारावर चौकटीला एक छोटी तिरपी नळी होती. मी ती दाबली. काही वाजलं नाही म्हणून जोरात दाबली. दार उघडून मावशी म्हणाल्या, "ती घंटा नव्हे रे, आत देवाचं नाव आहे. तो ऐकतो, पण दार उघडायला मलाच यावं लागतं." आत स्वयंपाकघरात मलिद्याचं मोठं पितळी ताट सिंकमध्ये होतं. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. मावशींनी बशीतलं नाणं माझ्यासमोर धरलं. हिरवट काळं. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला पान.

"आमच्याकडचा माड," मावशी म्हणाल्या. "नारळाचे घड बघ दोन्हीकडे."

मलाही तो माडच वाटला.

"पाहुण्यांसमोर असलं मळकं कसं ठेवायचं? ताटाबरोबर हेही जरा काढू या."

इथे कुणी अमेरिकन असता तर त्यानं हात धरला असता. पण तांब्यापितळेचं काही काळवंडलेलं दिसलं आणि जवळ चिंच असली की आपल्या लोकांच्या हाताला जे होतं, ते मला झालं. मी बाह्या सरसावून म्हणालो, "द्या मावशी, हा माझा विषय आहे." आणि घासता घासता तांब्यावर हा थर कसा चढतो, चिंचेतलं आम्ल त्याला कसं सोडवतं, हे मी त्यांना समीकरणासकट समजावून दिलं. सगळं बरोबर होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. दहा मिनिटांत नाणं नव्या निरांजनासारखं लालगुलाबी झालं. मावशी खूश झाल्या. मला डब्यात सांदणं दिली.

लिओनं पाकीट उघडलं. नाणं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे कशानं केलंस?"

"टॅमरिंड."

"ते काय असतं?"

"फळ. आम्ही आमटीत घालतो."

"म्हणजे तू नाणं शिजवलंस."

मग त्यानं न ओरडता सांगितलं, आणि तेच जास्त लागलं. तो हिरवा-काळा थर म्हणजे मळ नव्हे. शतकानुशतकं मातीत आणि हवेत धातूनं स्वतःवर चढवलेली ती कातडी. नकली नाणं करणाऱ्याला सगळं जमतं, ती कातडी तशी जमत नाही. नाण्याचा जन्मदाखलाच म्हणा. तो मी सिंकमध्ये सोडून आलो होतो. झाड माडाचं नसून खजुराचं होतं आणि अक्षरं बरोबर जुन्या वळणाची होती, पण ठसा हुबेहूब उतरवणारे कारागीर जगात पुष्कळ. "काल पाडल्यासारखं दिसतंय," लिओ म्हणाला. "खरं असेलही. पण मी आता त्या बाईंना खात्रीनं काही सांगू शकत नाही."

मलिदा रविवारी होता. मावशींनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी लिओ बाहेर गेलाय असं सांगितलं आणि लिओ समोर बसून माझ्याकडे पाहत राहिला. बाकीचा वेळ मी खिडकीपाशी भिंग घेऊन त्या नाण्यावर वाकून होतो. काय शोधत होतो कोण जाणे. आणि मग मला आणखी एक भयानक गोष्ट दिसली. नाण्याच्या एका कडेला एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे. नारळाची शेंडी. म्हणजे कातडी काढून वर मी त्याला बोचकारलंही होतं.

हे लपवण्यात अर्थ नव्हता. मी नाणं लिओपुढे ठेवलं आणि म्हणालो की मावशींना काय सांगायचं ते सांगा, नोकरीचंही काय ते सांगा.

लिओनं ओरखडे पाहिले. नाणं खिडकीकडे धरून हळूहळू कलतं केलं.

"ही तुझी शेंडी नाही," तो म्हणाला. "ही कानस आहे. इकडे ये. खजुराच्या बुंध्याच्या उजवीकडे बघ. काय दिसतं?"

"मूळ?"

"कान."

मी पुन्हा पाहिलं. खरंच कान होता. कानामागे केसांची एक वळलेली बट, आणि कडेला दुसऱ्याच लिपीची अर्धवट दोन अक्षरं, उलटी. झाडाखाली एक माणूस झोपलेला असावा तसं.

लिओ उठून उभा राहिला होता. त्यानं सांगितलं ते असं. रोमन साम्राज्याविरुद्ध ज्यूंचं शेवटचं मोठं बंड झालं, तेव्हा बंडवाल्यांजवळ कोरं तांबं कुठलं? त्यांनी बाजारातली रोमन नाणीच घेतली, कानशीनं सम्राटाचा चेहरा घासून काढला आणि त्यावर आपला खजूर आणि द्राक्षाचं पान ठोकलं. वर लिहिलं, 'इस्राएलच्या स्वातंत्र्याचं दुसरं वर्ष.' घाईत काही ठिकाणी सम्राट पुरता गेला नाही. हिरव्या थराखाली तो इतकी शतकं दडून राहिला होता. नकली नाणं पाडणारा झाडाची नक्कल करतो, झाडाखालच्या कानाची करत नाही.

"नाणं अस्सल आहे," लिओ म्हणाला. "तू त्याची अर्धी किंमत घालवलीस. दुसऱ्या कुणाला हे सांगू नकोस, नाहीतर लोक चिंच विकत घ्यायला लागतील."

मी ताबडतोब मावशींना फोन लावला. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मला रिसीव्हर लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "कधीचं म्हणतो तो?"

मी सांगितलं, इसवी सनाचं दुसरं शतक. मंदिर जळाल्यानंतर साठेक वर्षांनी झालेल्या बंडातलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"नंतरचं," त्या शेवटी म्हणाल्या. "आमचं गलबत तर त्याच्या कितीतरी आधी फुटलं. मग त्यात हे कसं असेल?"

दोन दिवस मी चिंचेची काळजी करत होतो आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग मी नेहमीप्रमाणे परिस्थिती आणखी बिघडवली. म्हणालो, "मावशी, वर्षाचं बोलूच नका. अस्सल आहे एवढंच सांगा. त्या सेल्माबाईंना ती अक्षरं थोडीच वाचता येणारेत? लिओला मी गप्प करतो."

"तू आणि तुझी चिंच," मावशी म्हणाल्या, "दोघं जरा लांब राहा."

रविवारी मी आणि लिओ एडिसनला गेलो. बैठकीत चादर अंथरलेली, मध्ये ते ताट. गूळपोहे, खोवलेलं खोबरं, खजूर, केळी, सफरचंदं, वेलचीचा वास. सेल्मा खुर्चीवर ताठ बसली होती, मोत्यांची माळ, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. प्रार्थना हिब्रूत झाली आणि तिला शब्द ओळखीचे वाटत होते पण चाल नाही, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. ताटाशेजारी बशीत नाणं चकाकत होतं.

"हेच का ते तुमच्या पूर्वजांबरोबर आलेलं?" सेल्मानं विचारलं. शेरननं बहुधा आधीच सांगून ठेवलं होतं.

मावशी इंग्रजीतून, शब्द शोधत, पण न थांबता बोलल्या.

"सेल्मा, हे नाणं खरं आहे, या लिओसाहेबांनी पाहिलंय. पण ते गलबतातून आलेलं नाही. ते नंतरचं आहे. आमच्याकडे कुणी आणलं, कुठून आणलं, मला माहीत नाही. माझ्या सासऱ्यांनाही माहीत नसावं, पण ते तसं कधी म्हणायचे नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळलं," सेल्मा म्हणाली, "की तुम्ही..." आणि थांबली. या वेळी आवाजात तो गोडवा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाणं कुणी कुठूनही आणेल," मावशी म्हणाल्या. "शनिवार कुठून आणणार? आमच्या लोकांजवळ पुस्तक नव्हतं, रब्बाय नव्हता. हिब्रूतली एक प्रार्थना तेवढी पाठ होती, तिचा अर्थही गेला होता. तेल गाळायचा धंदा. गावातले बाकीचे घाणे रोज चालायचे आणि आमचा शनिवारी बंद. लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. का बंद, ते आम्हाला सांगता यायचं नाही. बापाचा बंद असायचा, म्हणून आमचा बंद."

लिओ छताकडे पाहायला लागला. ज्यूंनी शनिवारी काम करायचं नसतं आणि आमचं दुकान शनिवारीच सगळ्यात जास्त चालायचं.

सेल्मानं पर्स जमिनीवर ठेवली. म्हणाली, "माझी आजी शनिवारी चूल पेटवू द्यायची नाही. पोलंडची थंडी. आम्ही मुलं कुडकुडायचो आणि तिचा राग राग करायचो. तिनंही का ते कधी सांगितलं नाही."

"सांगता येत नसेल," मावशी म्हणाल्या.

मग सेल्मा वाकली, बशीकडे न पाहता तिनं आपली ताटली पुढे केली आणि विचारलं, हे पोहे आणखी आहेत का, आणि यात हे पांढरं काय आहे? मावशी तिला खोबरं खवण्याची पद्धत सांगायला लागल्या ती प्रत्यक्ष विळीपर्यंत गेली.

लग्न उन्हाळ्यात झालं. आदल्या दिवशी सेल्मानं हट्टानं मेंदी लावून घेतली होती आणि आता प्रत्येकाला तळवे दाखवत फिरत होती. शेरनच्या गळ्यात ते नाणं लॉकेटमध्ये बसवलेलं. मी मावशींच्या शेजारी बसून तिसरा गुलाबजाम खात होतो, तेवढ्यात मागच्या टेबलावरून सेल्माचा आवाज आला. ती आपल्या फ्लोरिडाहून आलेल्या बहिणीला सांगत होती, "ते नाणं पाहिलंस? दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचं जहाज फुटलं, इंडियाच्या किनाऱ्यावर. सगळं बुडालं. फक्त हे वाचलं. आमच्या डेव्हिडच्या घरात आलंय आता. आपल्याकडे कुणाकडे आहे असं काही?"

बहीण म्हणाली, बाप रे.

आता जाणकार म्हणून माझं काही कर्तव्य होतं. दुसरं शतक, कानस, सम्राटाचा कान, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी चमचा ठेवून खुर्ची मागे सारली. मावशींनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"राहू दे रे," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या पिढ्या आमचं गलबत आम्हीच बुडवत आलो. आज ती बुडवतेय, तर बुडवू दे तिला."

मागे सेल्मानं गोष्टीत आता वादळही घातलं होतं. मावशी मान तिकडे न वळवता, अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या.